‘पाव’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत ‘पाव’ हा शब्द दिवसभरात निदान तीन अर्थांनी कानावर पडतो: वडापावच्या गाडीवर, भाजीवाल्याच्या तराजूपाशी आणि देवळाच्या रांगेत. त्यामुळे या शब्दाबद्दल प्रश्नही सतत येत राहतात. काही प्रश्न अगदी साधे असतात, तर काही चांगलेच अडवणारे. जे पुन्हापुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात परत सांगितलेला नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘पाव’ हा एकच शब्द आहे की वेगवेगळे?

तीन वेगळे शब्द आहेत. उच्चार आणि लेखन मात्र एकच. पहिला खायचा पाव, तो नाम आहे. दुसरा पाव म्हणजे चौथा भाग, तो अपूर्णांकवाचक शब्द. तिसरा ‘पावणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थ: ‘देवा, मला पाव’. तिन्ही एका वाक्यात बसतात: ‘देवा पाव, पाव किलो साखर आणि चार पाव तरी घरात येऊ देत.’ पहिला पोर्तुगीजमधून आला. उरलेले दोन संस्कृतातून प्राकृतमार्गे आले, पण तेही वेगवेगळ्या मुळांतून. उच्चार जुळला म्हणून शब्दांचे नाते ठरत नाही, हे या पानावर अनेकदा दिसेल.

२. खायचा पाव मराठीत कुठून आला?

पोर्तुगीज भाषेत ब्रेडला ‘पाउँ’ म्हणतात. शेवटचा स्वर नाकातून निघतो. हा शब्द लॅटिनमधल्या ‘पानिस’पासून, नेमके सांगायचे तर त्याच्या ‘पानेम’ या द्वितीयेच्या रूपापासून, झाला. त्याच ‘पानेम’चे स्पॅनिशमध्ये ‘पान’, इटालियनमध्ये ‘पाने’ आणि फ्रेंचमध्ये ‘पँ’ झाले. दोन स्वरांमधला ‘न’ गाळण्याची पोर्तुगीजची जुनी खोड आहे. ‘न’ गेला, पण जाताना आपले अनुनासिक मागच्या स्वराला देऊन गेला.

पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून त्यांना वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे मिळाली. मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांकडे गेली, वसई मात्र १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत पोर्तुगीजांकडेच होती. म्हणजे हा शब्द मराठीत यायला एक नव्हे, दोन दारे उघडी होती: गोव्याचे आणि वसई-मुंबईचे. शब्दाबरोबर पदार्थाची रीतही आली. गव्हाचे पीठ आंबवून भट्टीत भाजायचे, तर खमीर हवे. गोव्यात ते काम ताडीवर भागवले गेले, कारण ताडीत जिवंत यीस्ट असते आणि तिने पीठ फुगते.

गोव्यात पाव विकणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘पादेइरु’, म्हणजे बेकरीवाला. हा शब्दही ‘पानिस’च्याच घरातला आहे, त्यातलाही मधला ‘न’ असाच गळला.

३. ‘पाउँ’चा ‘पाव’च कशावरून झाला? हा नुसता अंदाज नाही ना?

नाही. एका शब्दावरून कुणी असे म्हटले असते तर शंका घ्यायला जागा होती. पण तोच ध्वनिबदल दुसऱ्या शब्दांतही दिसतो. पोर्तुगीज ‘लेइलाउँ’चा मराठीत ‘लिलाव’ झाला. गोव्यात २४ जूनला साजरा होणारा संत जॉनचा सण पोर्तुगीजमध्ये ‘साउँ जुआउँ’. कोकणीत त्याचे ‘सांजांव’ झाले. शेवटच्या ‘आउँ’चा ‘आव’ किंवा ‘आंव’ होतो, असा हा नियमच आहे.

याच नियमाने उलट तपासणीही करता येते. ‘साबण’ पोर्तुगीजमधून आला, असे सर्रास सांगितले जाते, कारण पोर्तुगीजमध्ये ‘साबाउँ’ आहे. पण तसे असते तर मराठीत ‘साबाव’सारखे काहीतरी व्हायला हवे होते. आपल्याकडे शेवटी स्पष्ट ‘ण’ आहे. तो अरबी-फारसी ‘साबून’शी जुळतो, म्हणून ती वाट जास्त पटते.

मराठीने अनुनासिक सोडून दिले, गुजरातीने मात्र राखले. मुंबईतल्या गुजराती पाट्यांवर ‘पांउभाजी’ किंवा ‘पाउंभाजी’ लिहिलेले दिसते. ते अशुद्धलेखन नाही. त्यात मूळ पोर्तुगीज उच्चाराची खूण शिल्लक आहे.

४. पीठ पायाने मळतात म्हणून पाव, हे खरे का?

खरे नाही. ही समजूत सगळ्यांत जास्त पसरलेली आहे, म्हणून कारणे नीट देतो.

मराठीत पायाला ‘पाय’ म्हणतात, ‘पाव’ नाही. ‘पाँव’ हिंदीत आहे. पायावरून नाव पडले असते, तर मराठीत तो पदार्थ ‘पाव’ कसा झाला? दुसरे म्हणजे, हाच शब्द जपान आणि श्रीलंकेतही ब्रेडसाठी आहे (प्रश्न १४) आणि तिथल्या भाषांत त्याचा पायाशी संबंध नाही. तिसरे, लॅटिन ‘पानिस’ पोर्तुगीज इथे येण्याच्या दीड हजार वर्षे आधीपासून वापरात होता. पीठ कुणी कुठे कशाने मळले हा वेगळा विषय आहे; शब्द त्यातून जन्मलेला नाही. या गोष्टीमागे पाव करणाऱ्यांबद्दलची जुनी तिरस्काराची भावनाही आहे, तिच्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

५. मोठ्या ब्रेडचा चौथा तुकडा म्हणून पाव, असेही ऐकले आहे. ते?

तेही चूक. ही गोष्ट पायाच्या गोष्टीपेक्षा सभ्य आहे आणि मराठीत ‘पाव’चा चौथा भाग हा अर्थ खरोखरच आहे, म्हणून ती पटकन पटते. पण लादीपावाची लादी चारातच विभागलेली असते असे नाही. सहा, आठ, बारा, कितीही पाव एकमेकांना चिकटलेले असू शकतात. शिवाय कडक पाव, ब्रून पाव हे सुटेच भाजले जातात. त्यांना कशाचा चौथा भाग म्हणणार?

६. मग चौथा भाग या अर्थाचा ‘पाव’ कुठून आला?

संस्कृत ‘पाद’पासून. पाद म्हणजे पाय आणि पाद म्हणजे चतुर्थांशही. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ नाहीसा झाला आणि ‘पाअ’ उरला. दोन स्वर सलग बोलायला जड जातात, म्हणून मध्ये कधी ‘य’ शिरला, कधी ‘व’. ‘य’ शिरलेला ‘पाय’ मराठीत अवयवासाठी राहिला, ‘व’ शिरलेला ‘पाव’ चौथ्या भागासाठी. एकाच शब्दाची दोन रूपे झाली आणि भाषेने दोघांना वेगवेगळी कामे दिली. ‘पाऊल’ही याच घरातला.

७. पायाचा आणि चौथ्या भागाचा संबंध काय?

जनावराला चार पाय असतात, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. संस्कृतात हा हिशोब सगळीकडे चालतो. श्लोकाचे चार चरण म्हणजे चार पाद. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकाचे चार पाद, असे एकूण ३२ पाद आहेत.

इथे एक अपवाद लक्षात ठेवावा. गायत्री छंदाला तीनच पाद असतात: आठ अक्षरांचे तीन, एकूण २४ अक्षरे. (अनुष्टुभाचे आठ अक्षरांचे चार, म्हणून ३२.) म्हणजे छंदात ‘पाद’चा अर्थ ‘ओळ’ असा सैल झालेला आहे, तिथे तो नेहमी चौथा भाग नसतो. मराठी ‘पाव’ मात्र असा कधीच सैल झाला नाही. पाव म्हणजे १/४, दुसरे काही नाही.

८. पाऊण, सव्वा, पावणेदोन यांत ‘पाव’ आहे का?

तिन्हींत आहे. ‘पाऊण’ म्हणजे पाद + ऊन, पावाने कमी. एकातून पाव गेला, उरले ३/४. ‘सव्वा’ म्हणजे स + पाद, पावासह: एक आणि वर पाव, १ १/४. ‘पावणेदोन’ म्हणजे पावाने कमी दोन, १ ३/४. यातला ‘पावणे’ हे ‘पाऊण’चेच रूप आहे, देव पावण्यातल्या ‘पावणे’शी (प्रश्न १२) त्याचा संबंध नाही.

घड्याळात मुलांची चूक होते ती इथेच. ‘पावणेतीन’मध्ये तीन ऐकू येते, म्हणून मुले ३:४५ लिहितात. सांगताना असे सांगावे: ‘पावणे’च्या पुढे जो आकडा आहे तो अजून वाजलेला नाही, वाजायला पंधरा मिनिटे आहेत. म्हणून २:४५. ‘सव्वा’च्या पुढचा आकडा मात्र वाजून गेलेला असतो: सव्वातीन म्हणजे ३:१५. दोन्ही शब्द एकटे आले तर हिशोब एकाशी: ‘सव्वा वाजला’ म्हणजे १:१५ आणि ‘पाऊण वाजला’ म्हणजे १२:४५.

९. पावणेदोनशे म्हणजे १७५ की १९९.७५?

१७५. पुढे शंभर, हजार, लाख आले की पाव त्या मापाचा मोजायचा, एकाचा नाही. पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५, पावणेदोन हजार १,७५०, पाऊण लाख ७५,०००, सव्वा लाख १,२५,०००. चेकवर किंवा करारात अक्षरी रक्कम लिहिताना ही रूपे टाळून ‘एकशे पंच्याहत्तर’ असे पूर्ण लिहावे. या पद्धतीत चूक आहे असे नाही, पण वाचणारा अमराठी असला की गोंधळ उडतो.

१०. बातमीत ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ येते. म्हणजे दर चौथ्या भागाने उतरला का?

नाही. पाव टक्का म्हणजे ०.२५ टक्के-बिंदू. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला, ती पाव टक्का कपात. दराचा चौथा भाग कमी करायचा असता, तर ६.५० तून १.६२५ वजा झाले असते. ‘पाव टक्का’ आणि ‘पाव पट’ या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गृहकर्जाच्या हप्त्याचा अंदाज बांधताना तो कळलेला असावा.

११. पावशेर, पावकिलो, नुसते ‘पाव’: वजन नेमके किती?

आज मुंबईच्या बाजारात ‘पाव’ किंवा ‘पावकिलो’ म्हणजे २५० ग्रॅम. ‘पावशेर’ जुन्या मापातला. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणून पावशेर साधारण २३३ ग्रॅम. अर्धा पावशेर म्हणजे नवटाक, शेराचा आठवा भाग. जुन्या पाककृतीत पावशेर दिसला आणि आपण २५० ग्रॅम घेतले, तर दर वेळी सुमारे १७ ग्रॅम जास्त पडतात. भाजीला त्याने काही होत नाही. पाकाच्या वड्यांना होते, कारण तिथे साखर आणि इतर जिन्नस यांचे प्रमाण जुळावे लागते. एक जिन्नस शेरात आणि दुसरा किलोत मोजला की प्रमाण बिघडते. सगळेच जिन्नस एका पद्धतीत मोजले तर प्रश्न येत नाही. शेर हे धान्य आणि दूध मापायचे भांडेही होते, तेव्हा जुन्या कृतीत वजनी शेर आहे की मापी, हे आधी ठरवावे.

शेजारच्या भाषांत हाच ‘पाद’ वजनाला आला आहे: हिंदी आणि उर्दूत ‘पाव’, बंगालीत ‘पोआ’, नेपाळीत ‘पाउ’. नेपाळी पाउ मात्र वेगळा आहे. तिथे बारा पाउंची एक धार्नी आणि धार्नी सुमारे २.४ किलोची, म्हणून पारंपरिक पाउ २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. तोही चौथा भागच आहे, पण तिथल्या शेराचा.

१२. ‘देव पावला’ यातला ‘पाव’ आणि ‘पावती’तला ‘पाव’ एकच का?

हो. संस्कृत प्र + आप्, म्हणजे मिळणे, पोचणे. ‘प्राप्त’ त्याच मुळातला. ‘प्राप्’चे प्राकृतात ‘पाव’ झाले आणि मराठीत ‘पावणे’. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. ‘पत्र पावले’ ही जुन्या पत्रांतली नेहमीची ओळ. त्यातूनच ‘पावती’: वस्तू किंवा पैसे पावले, याचा लेखी पुरावा. ‘पोचपावती’त पोचणे आणि पावणे, दोन्ही एकाशेजारी एक आहेत. मृत्यू पावणे, लोप पावणे, मान्यता पावणे यांतही अर्थ ‘त्या स्थितीला पोचणे’ असाच आहे.

‘नवसाला पावणारा’ म्हणताना अर्थ थोडा पुढे सरकला आहे. आपली हाक देवापर्यंत पोचली आणि देव आपल्यापर्यंत पोचला, म्हणजे प्रसन्न झाला. हे क्रियापद ज्ञानेश्वरीतही आहे, आणि तिचा काळ शके १२१२, म्हणजे १२९०. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षे आधीचा! म्हणून या ‘पाव’चा खायच्या पावाशी संबंध जोडता येत नाही.

१३. पावन, पाऊस, पाहुणा, पावली यांपैकी कोण कोणाचे?

पावन संस्कृत ‘पू’ धातूतून, म्हणजे शुद्ध करणे. पवित्र आणि पावक (अग्नी) त्याचेच. पाऊस ‘प्रावृष्’पासून. पाहुणा ‘प्राघुण’पासून, म्हणून तो आला की ‘पावला’ असे म्हणणे निव्वळ शब्दखेळ आहे. या तिघांचे आपल्या तीन पावांशी नाते नाही.

पावलीचे आहे, आणि दोन बाजूंनी आहे. चार आण्यांचे नाणे ती पावली, कारण रुपयाचे सोळा आणे आणि चार आणे म्हणजे त्याचा पाव. (दोन आण्यांची चवली.) १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तरी २५ पैशांना लोक पावलीच म्हणत राहिले. ३० जून २०११ पासून २५ पैशांचे नाणे चलनातून बाद झाले. दुसरी पावली वारकऱ्यांची, टाळांच्या ठेक्यावर पावले टाकायची. ती ‘पाऊल’वरून. दोन्ही पावल्या शेवटी ‘पाद’पाशीच पोचतात, एक चौथ्या भागाच्या वाटेने आणि दुसरी पायाच्या.

१४. खायच्या पावाला इतर भाषांत काय म्हणतात? जपानीतला ‘पान’ हाच का?

हाच. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, आणि जपान्यांनी त्यांचा ‘पाउँ’ ऐकून ‘पान’ केला. मराठीने ‘व’ राखून अनुनासिक सोडले. जपानीने उलट केले, अनुनासिकाचा स्पष्ट ‘न’ राखून ‘उ’ सोडला. लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचे गोड सारण भरलेला ‘आनपान’ टोकियोच्या किमुराया बेकरीने १८७४ मध्ये आणला. त्यातला ‘पान’ म्हणजे आपला पावच.

जपानीमधून हा शब्द पुढे गेला. कोरियनमध्ये ‘प्पांग’ आणि तैवानच्या होक्कियनमध्ये ‘फांग’ हे जपानी राजवटीच्या काळात रुजले. सिंहलीत ‘पान्’ थेट पोर्तुगीजमधून आला. बंगालीत ‘पाउरुटी’, नेपाळीत ‘पाउरोटी’, हिंदीत ‘पावरोटी’: या तिन्हींत परका आणि ओळखीचा असे दोन शब्द जोडलेले आहेत. ऐकणाऱ्याला ‘पाउ’ कळला नाही तर ‘रोटी’ तरी कळावी, अशी ती सोय. मराठीला ही जोड लागली नाही. इथे नुसता पाव पुरतो.

१५. चिनी ‘बाओ’, नान, पॅन कार्ड, तव्याचा पॅन: यांचा पावाशी संबंध?

एकाचाही नाही. बाओ चिनी आहे आणि त्याचा अर्थ गुंडाळणे, वेष्टन. सारण आत गुंडाळले म्हणून बाओ. मुंबईतल्या हॉटेलांच्या मेनूत ‘बाओ’ आणि ‘पाव’ शेजारीशेजारी येऊ लागल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. नान इराणी भाषांतला. पॅन कार्डातला पॅन तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे: पर्मनंट अकाउंट नंबर. तळायचा पॅन जर्मानिक भाषांतला जुना भांड्याचा शब्द.

१६. मग पावाचे कुणी नातेवाईक मराठीत आहेत का?

आहेत, आणि रोज वापरातले आहेत. ‘कंपनी’ त्यांतला सगळ्यांत जवळचा. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम’ (सोबत) आणि ‘पानिस’ (पाव) मिळून ‘कोम्पानिओ’ झाला: ज्याच्यासोबत भाकरी वाटून खायची तो. त्यावरून सोबती, मग सोबत्यांचा गट, मग भागीदारीचा व्यापार. इंग्रजीतून तो आपल्याकडे आला. ‘जरा कंपनी दे’ म्हणताना आपण शब्दाच्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ असतो. लांब पल्ल्याच्या गाडीतली ‘पॅन्ट्री’ही तशीच; जुन्या फ्रेंचमध्ये ती पाव ठेवायची खोली होती. पॅन्ट्री कारमधून पाव-आम्लेट आले की शब्द घरी पोचला म्हणायचा.

१७. ‘माकापाव’ म्हणजे काय? आणि पाव खाण्याला एके काळी विरोध होता का?

कोकणीत ‘म्हाका’ किंवा ‘माका’ म्हणजे मला. ‘मला पाव’ या दोन निरागस शब्दांवरून मुंबईत गोवेकर आणि एकूणच ख्रिस्ती लोकांना हिणवणारा शब्द तयार झाला. त्याचा अर्थ माहीत असावा, वापर मात्र करू नये. ऐकणाऱ्याला तो लागतो.

विरोध होता. परक्याच्या हातचे, त्यातून आंबवलेले आणि भटारखान्यात भाजलेले म्हणून पाव सनातनी घरांत बाटवणारा मानला जाई. याच कारणाने त्याला बंडाचाही अर्थ आला. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. जातिभेद मानणार नाही, याची ती खूण होती. सभा गुप्त चाले, कारण हे उघड झाले तर वाळीत पडण्याची भीती होती. या सभेच्या प्रमुखांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिणारे. ‘पाव’ या शब्दाचा इतिहास सांगताना हे वगळू नये असे आम्हाला वाटते. शब्दकोशात तो दोन ओळींत संपतो, पण एके काळी तो तोंडात घालायला धैर्य लागत होते.

१८. संस्कृत आणि लॅटिन बहिणी-बहिणी असतील, तर खायचा पावही मुळात संस्कृतच नाही का?

चांगला प्रश्न. नाते आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लॅटिन ‘पानिस’चे मूळ सामान्यतः ‘खाऊ घालणे, राखणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूत मानले जाते. त्याचा संस्कृतातला भाऊ ‘पा’, रक्षण करणे; ‘गोप’मधला ‘प’ तोच. पण म्हणून पाव ‘पा’पासून मराठीत उतरला असे होत नाही. तो लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून जहाजाने इथे आला. चुलत घराण्यातला माणूस आपल्याकडे पाहुणा आला, तर तो आपल्या घरात जन्मला असे आपण म्हणत नाही.

नाते पाहायचे तर इंग्रजीशी पाहावे. संस्कृत-लॅटिनच्या आरंभीच्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो. ‘पाद’चा इंग्रजी भाऊ ‘फूट’, पाय आणि बारा इंचही. ‘पानिस’ ज्या धातूतला, त्याच धातूतला इंग्रजी शब्द ‘फूड’. म्हणजे चौथ्या भागाचा पाव आणि फूट एका घरचे, खायचा पाव आणि फूड दुसऱ्या घरचे. दोन्हीकडे तोच नियम लागू पडतो.

१९. वडापावमध्ये मराठी किती आणि पोर्तुगीज किती?

‘वडा’ संस्कृत ‘वटक’पासून. ‘पाव’ पोर्तुगीज. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजमधून आला, पण त्यांचा स्वतःचा नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेत तो रताळ्यासाठी होता. मिरचीचे नाव देशी आहे, झाड मात्र अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणले.

२०. लिहिताना जोडून की तोडून? लिंग, वचन काय?

खायचा पाव पुल्लिंगी, अनेकवचनातही बदलत नाही: एक पाव, चार पाव. विभक्तीत ‘पावा’: पावाला लोणी, पावांची लादी. सामासिक शब्द जोडून लिहावेत: वडापाव, पावभाजी, लादीपाव.

चौथ्या भागाचा पाव पुढच्या नामाप्रमाणे बदलत नाही: पाव भाग, पाव वाटी, पाव टक्का. पावशेर रूढीने जोडलेला. पावकिलो दोन्ही प्रकारे दिसतो.

पाककृती लिहिताना एका जागी जपावे. ‘दोन पाव वाटी दूध’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला दोन पाव आणि वाटीभर दूध, पाव वाटी दोनदा, की सव्वादोन वाट्या, हे कळत नाही. सव्वादोन हवे असेल तर ‘सव्वादोन वाट्या’ लिहावे, आणि पाव खायचा असेल तर ‘२ लादीपाव’.

२१. एखादा मराठी शब्द पोर्तुगीज आहे की नाही, हे घरच्या घरी कसे तपासायचे?

चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. १४९८ पूर्वीच्या मराठीत तो शब्द आहे का? असला, तर विषय संपला. वस्तू त्या काळात बाहेरून आलेली आहे का? अननस, काजू, पपई, कोबी यांची गोष्ट तशीच. ध्वनी नियमाने जुळतात का (प्रश्न ३)? शेवटचे, कोकणीत आणि गुजरातीत तो आहे का? किनाऱ्यावर आहे आणि आतल्या भाषांत विरळ होत जातो, असे दिसले तर संशय बळावतो. चारपैकी एकच गोष्ट जुळली तर निष्कर्ष काढू नये. फसगत होते ती नेमकी नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबल्याने.

‘चावी’ घ्या. पोर्तुगीजमध्ये किल्लीला जो शब्द आहे, तो आज लिस्बनमध्ये ‘शाव्ह’सारखा ऐकू येतो. त्यावरून ‘चावी’ त्यातली नसावी असे वाटेल. पण सोळाव्या शतकात त्या अक्षराचा उच्चार ‘च’ होता. पुढे तिकडे त्याचा ‘श’ झाला. वसई-मुंबईने शब्द घेतला तेव्हा जो उच्चार कानावर पडला, तो मराठीने आजवर तसाच ठेवला आहे.